पापण्यांची कारागिरी आणि खरी मिळकत

अमेरिकेत कृत्रिम पापण्या जोडणाऱ्या कारागिरांचे उत्पन्न कौशल्याइतकेच राज्यावर अवलंबून असते. २०२४ साली कॅलिफोर्नियात किमान वेतन ताशी १६ डॉलर होते. ग्राहकाने दिलेली टिप त्याहून वेगळी. टेक्सासमध्ये ते ७.२५ डॉलर, त्यातही टिपेने उरलेली रक्कम भरून निघत असल्यास मालकाने २.१३ डॉलर दिले तरी चालते. मात्र कॅलिफोर्नियात घरभाडेही भारी. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांना जागा, गोंद, विमा व कर यांचा भार सोसावा लागतो. पूर्ण जोडणीस सुमारे दोन तास लागतात. म्हणून दिवसाची गिऱ्हाइके मोजकीच. दोन-तीन आठवड्यांनी गळालेल्या पापण्या भरून घेण्यास परतणारे गिऱ्हाईक हेच खरे भांडवल. या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या लेकीने गल्ला नव्हे, खर्च वजा जाता उरणारी शिल्लक पाहावी.