वॅट आणि युनिट: गल्लत कुठे होते?

हैदराबादेत आबिड्सशेजारच्या कोठीतल्या गुजराती गल्लीत इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकानं दाटीने आहेत. सॉकेट आणि उपकरण यांच्या मध्ये लावायचा छोटा मीटर अशाच बाजारात शोधावा. तो लावला की पडद्यावर वेगवेगळे आकडे दिसतात. त्यांतल्या दोहोंची बहुतेकांकडून गल्लत होते.

पहिला वॅटचा (त्या क्षणी वीज ओढण्याचा वेग). दुसरा किलोवॅट-तासाचा (१००० वॅटचं उपकरण तासभर चालल्यावर लागणारी वीज); बिलावर यालाच युनिट म्हणतात. आबिड्सहून चारमिनारला ऑटो किती वेगाने गेली हे वेगळं आणि किती किलोमीटर गेली हे वेगळं. भाडं किलोमीटरवर ठरतं, तसं बिल युनिटवर.

म्हणून ‘जास्त वॅट म्हणजे जास्त बिल’ हे अर्धंच खरं. २००० वॅटचा गीझर १५ मिनिटं तापला तर अर्धं युनिट लागतं. ६० वॅटचा स्टँडचा पंखा १२ तास फिरला तर ०.७२ युनिट, म्हणजे गीझरपेक्षा जास्तच.

फ्रिजचा हिशेब नुसत्या लेबलवरच्या वॅटवरून करू नये. कॉम्प्रेसर घरघरू लागला की मीटरवरचा आकडा एकदम चढतो, थांबला की अगदी खाली येतो. त्यामुळे मीटर पूर्ण २४ तास लावून ठेवावा आणि आलेली युनिटं ३० ने गुणावीत. महिन्याचा अंदाज मिळतो. उन्हाळ्यात तो वाढणारच. गीझर, इस्त्री अशा जड उपकरणांसाठी मात्र मीटर १६ अँपिअरचाच (तेवढा प्रवाह पेलणारा) घ्यावा.