गिलोटिन पडतं, पब्लिक नाचतं!

स्टेजवर गिलोटिन. खटकन पातं खाली येतं, गायकाचं मुंडकं धडावेगळं! आणि पब्लिक? बेभान होऊन ओरडतंय. घाबरू नका मंडळी, हा ॲलिस कूपरचा शो आहे. १९४८ साली जन्मलेला, पाद्र्याच्या घरात वाढलेला हा बाबा सत्तरच्या दशकापासून स्टेजवर असाच ‘मरतोय’.

२०२३ मध्ये तो रॉब झॉम्बीसोबत ‘फ्रीक्स ऑन परेड’ टूरवर निघाला. जोडीला मिनिस्ट्री आणि फिल्टर हे बँड. झॉम्बी म्हणजे २००७ च्या ‘हॅलोविन’चा दिग्दर्शक. थोडक्यात, कॉन्सर्टच्या तिकिटात हॉरर पिक्चर फ्री!

पण ही नुसती भंकस नाही हं. १९७३-७४ च्या टूरमध्ये जल्लाद झाला होता चक्क जादूगार जेम्स रँडी. नाटकासारखीच तालीम, टायमिंग आणि बॅकस्टेजवाल्यांवर पूर्ण भरवसा. १९८८ मध्ये फाशीच्या सीनची तालीम करताना कूपरला पेलणारी तार तुटली. फास हनुवटीला घासून गेला, गडी थोडक्यात वाचला. किस्सा तो स्वतःच सांगतो. तरी फास पुन्हा स्टेजवर आलाच.

का? कारण त्याच्या शोचा नियम साधा आहे. ॲलिस हा व्हिलन, आणि व्हिलनला शिक्षा झालीच पाहिजे. मग तो पांढराशुभ्र सूट घालून परत येतो नि सगळे नाचतात. मनातली भीती तिथेच सांडून आपण हलके होतो.

त्यामुळे घरी कुणी विचारलं, “काय हे अभद्र लावलंयस?” तर हेडफोन लपवू नका. म्हणा, “शेवटपर्यंत बघा तरी!”