मान कुणाला, तंगडी कुणाला?

मुलांनो, तुमच्या घरी कोंबडीचं कालवण होतं तेव्हा तुमच्या ताटात काय पडतं? तंगडी, काळीज, की नुसती मान? उत्तर मनात ठेवा. आधी मी तुम्हांला एक कालवण करायला शिकवते.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावी प्राथमिक शाळेत शिकवते. पाऊस बेताचा, जमीन हलकी. दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव ऊसतोडीला बाहेर पडतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिथली मोजणी. पोरं आजीजवळ राहतात, नाहीतर बरोबर फडावर जातात. पाडव्याच्या सुमाराला माणसं परत आली, की ज्यांच्या घरी चालतं तिथं गावरान कोंबडी ठरलेली. पण कोंबडी एक आणि खाणारी तोंडं दहा-बारा. म्हणून आमच्याकडे कालवण पातळ करतात. थोडा येसर (भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ) लावला की रस्सा वाढतो आणि भाकरी चुरून सगळ्यांची पोटं भरतात.

माझी एक मावसबहीण फिलिपीन्समध्ये दावाव शहरी डॉक्टरकी शिकत होती. आपल्याकडची बरीच मुलं तिकडे शिकायला जातात. सात हजारांहून जास्त बेटांचा हा देश. सुट्टीत आली तेव्हा ती म्हणाली, "ताई, तिथं कोंबडीच्या रश्श्यात शेवग्याचा पाला घालतात!" मी हसलेच. आपण शेंगा खातो, पाल्याची भाजी करतो, पण कोंबडीत पाला? त्या रश्श्याचं नाव तिनोला. भरपूर आलं, कच्च्या पपईच्या फोडी आणि वरून शेवग्याचा किंवा मिरचीचा पाला. शेवग्याला ते लोक मालुंगाय म्हणतात. आपलं तमिळ मुरुंगै आठवतं ना? हे झाड मुळात आपल्याच हिमालयाच्या पायथ्याचं. पपई मात्र अमेरिका खंडातून, तिकडे स्पॅनिश लोकांबरोबर आणि इकडे पोर्तुगीजांबरोबर आली. म्हणजे एकाच पातेल्यात केवढा भूगोल!

आमच्या शाळेच्या परसबागेत शेवगा आहे आणि आमच्या घरामागे पपई. मग काय, एका रविवारी मी घाट घातला. तिकडच्यासारखंच केलं : आलं, लसूण, कांदा, मीठ, मसाला काही नाही. सासूबाईंनी वाटीत डोकावून विचारलं, "आजाऱ्याचं कालवण हाय का गं हे?" नवरा काही बोलला नाही, पण दुसरी भाकरी त्यानं ठेच्याबरोबर खाल्ली. पुढच्या खेपेला मी दोन चमचे येसर लावला. तर आल्याचा वासच गेला! तिसऱ्या खेपेला अर्धाच चमचा येसर आणि चार हिरव्या मिरच्या. हे मात्र जमलं.

आता कृती. सुरी, चूल आणि कुकर मोठ्या माणसांच्या हाती. बाकीचं तुम्ही करा.

आदल्या रात्री शेवग्याचे डहाळे कापडात गच्च गुंडाळून ठेवा. सकाळी झटकले की पानं आपोआप गळतात, निवडायचा निम्मा त्रास वाचतो. जाड काड्या तेवढ्या काढून टाका, त्या दातांत अडकतात. पाला दोन मुठी हवा.

किलोभर गावरान कोंबडीला मीठ आणि चमचाभर किसलेली कच्ची पपई चोळून अर्धा तास ठेवा. पपईच्या चिकात पपेन नावाचा पदार्थ असतो, तो मांसातले चिवट धागे सैल करतो. उकळत्या रश्श्यात त्याची ताकद जाते, म्हणून हे काम आधीच करायचं. बाजारातल्या कोवळ्या कोंबडीला त्याची गरजच नाही; तिचा भुगा होईल. पपईचा चीक हाताला खाजतो, तेव्हा सोलताना हाताला तेल लावा. आणि घरात कुणी गरोदर असेल तर कच्ची पपई नकोच. दुधी घाला आणि चोळायचं काम सोडून द्या.

दोन चमचे तेलात दोन चिरलेले कांदे, ठेचलेला लसूण आणि दोन बोटं लांबीच्या आल्याचे तुकडे परता. कोंबडी टाका, रंग पालटेपर्यंत हलवा, मिरच्या घाला आणि दोन लिटर पाणी ओता. चुलीवर तास-सव्वा तास लागतो. कुकर असेल तर पाच-सहा शिट्ट्या. मांस शिजत आलं की पपईच्या मोठ्या फोडी घाला. त्या मऊ झाल्या की अर्धा चमचा येसर पाण्यात कालवून सोडा आणि एक उकळी येऊ द्या. पाला अगदी शेवटी. घाला, ढवळा, झाकण ठेवा, खाली उतरवा. जास्त उकळला तर कडवट होतो. ताटात लिंबू पिळायला विसरू नका.

लिंबाचा आग्रह उगाच नाही. शेवग्याच्या पाल्यात लोह असतं, पण पाल्यातलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. बरोबर मांस असेल किंवा लिंबासारखं आंबट काही असेल तर जास्त घेतं. ज्यांच्या घरी मांसाहार नाही त्यांनी तुरीच्या डाळीत हाच पाला घालून लिंबू पिळावं. ऊस तोडून, मोळ्या उचलून आलेल्या बाईला लोहाची किती गरज असते, हे मी तुम्हांला काय सांगू? आणि नेमकी तीच सगळ्यांच्या मागून जेवते.

आता मानेची गोष्ट. फिलिपीन्सवर तीनशेहून अधिक वर्षं स्पेनचं राज्य होतं. तिथले एक डोळ्यांचे डॉक्टर होसे रिसाल यांनी 1887 साली 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी छापली. तिच्यात मेजवानीचा एक प्रसंग आहे. तिनोला वाढतात. युरोपातून परतलेल्या तरुण इबाराच्या वाट्याला चांगले तुकडे येतात आणि मानपानाला सोकावलेल्या पाद्री दामासोच्या ताटात कोंबडीची मान नि एक चिवट पंख! पाद्री असा संतापतो की बोलायची सोय नाही. सरकारला अशी पुस्तकं सोसली नाहीत. 30 डिसेंबर 1896 रोजी रिसालना गोळ्या घालून मारलं. वय अवघं 35.

ही गोष्ट मी चौथीच्या वर्गात सांगितली. पोरं पाद्र्याच्या फजितीवर पोट धरून हसली. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, "बाई, आमच्याकडं तंगड्या दादाला आन् आबाला. मान मलाच असती. मग मी काय रागावायचं का?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगते, माझ्याही माहेरी तसंच होतं आणि मी कधी रागावले नव्हते.

पाडव्याच्या आधी तिचे आई-बाबा फडावरून आले. तिच्या आजीनं मला जेवायला बोलावलं, म्हणाली, "ते पाल्याचं कालवण करून दावा." पाला मुलीनंच झटकून, निवडून ठेवला होता. दादानं पपई सोलली. रस्सा उतरल्यावर आजी पळी घ्यायला उठली, तेव्हा मी म्हटलं, "आजी, आज पाला निवडणारीला वाढू द्या की." आजीनं माझ्याकडे पाहिलं, मग नातीकडे, आणि पळी दिली.

बाहेर बाजेवर अकरा माणसांत चाललेली गडबड जरा थांबली. मुलीनं एक तंगडी आबांना वाढली. दुसरी उचलली आणि चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या आईच्या ताटात ठेवली. आईनं ती काढून दादाच्या ताटात टाकली. मुलीनं परत आणली. आईनं परत काढली. तिसऱ्यांदा दादाच म्हणाला, "आई, खा ना आता, गार व्हायली."

मान? ती पाहुण्या बाईंच्या ताटात आली. पपई चोळायला आम्ही विसरलो होतो, त्यामुळे ती अशी चिवट होती म्हणता, की सगळ्यांचं जेवण उरकलं तरी मी चावतच होते.