पाइनचा भुंगेरा आणि नकाशावरच्या नोंदी

नाताळ जवळ आला की आमच्या वाड्यावर सुरूच्या फांद्या तोडून आणतात आणि त्यालाच आम्ही ख्रिसमस ट्री म्हणतो. लहानपणी मला सुरू म्हणजेच पाइन वाटायचं. दोन्ही झाडं वेगळी, दूरचंसुद्धा नातं नाही, हे मला कळलं ते मावशीमुळे. ती पोर्तुगालला, लिस्बनच्या दक्षिणेकडच्या सेतुबाल भागात राहते. एकदा फोनवर म्हणाली, "शेजारचं पाइन उन्हाळ्यात बघता बघता लाल पडलं गं. कापावंच लागलं, तसा नियम आहे. एका किड्यामुळे म्हणे."

कुठला किडा, म्हणून मी शोधायला बसले. साहित्याची विद्यार्थिनी असल्यामुळे आधी नावातच अडकले. मोनोकॅमस गॅलोप्रोव्हिन्शिअॅलिस! गॅलोप्रोव्हिन्शिअॅलिस म्हणजे फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातला. ऑलिव्हिए या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने 1795 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि एका प्रांताचं नाव त्याला कायमचं चिकटलं. त्याच्या कुळाचं नाव सेरँबिसिडी. त्यामागे ग्रीक पुराणातला केरांबोस आहे. हा गाणारा मेंढपाळ अप्सरांना टाकून बोलला, म्हणून त्यांनी त्याला लाकूड कुरतडणारा, शिंगांचा भुंगेरा करून टाकलं.

ही शिंगं म्हणजे खरं तर मिशा. भुंगेरा जेमतेम दीड-अडीच सेंटीमीटरचा, पण नराच्या मिशा अंगाच्या जवळजवळ दुप्पट लांब. नाव प्रोव्हान्सचं असलं तरी वस्ती मोठी आहे. पोर्तुगाल-स्पेनपासून युरोपभर, पूर्वेला थेट सायबेरियापर्यंत आणि उत्तर आफ्रिकेतही याच्या नोंदी आहेत. जिथे पाइन तिथे हा. पोर्तुगालच्या किनाऱ्यालगत तो सागरी पाइनवर असतो, उत्तरेकडे स्कॉट्स पाइनवर. मादी अंडी घालते ती आजारी, जळालेल्या किंवा नुकत्या कापलेल्या झाडाच्या सालीत. अळी आधी सालीखाली खाते, मग लाकडात बोगदा करून हिवाळा काढते. म्हणजे मरणारं झाड लवकर मातीला मिळावं, हे जंगलातलं जुनं काम तो करत होता. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग 1999 मध्ये सेतुबाल भागातल्या पाइनमध्ये एक सूत्रकृमी सापडला. युरोपातल्या झाडांमध्ये तो पहिल्यांदाच दिसत होता. हा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा जीव मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथल्या बहुतेक पाइनना त्याची सवय आहे, इतर ठिकाणच्या पाइनना नाही. जपानात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पाइन मरत होते. कारण हाच सूत्रकृमी, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी 1971 मध्ये दाखवलं आणि पुढच्याच वर्षी भुंगेऱ्याची भूमिकाही पुढे आली. तिथला वाहक याच भुंगेऱ्याचा चुलतभाऊ, मोनोकॅमस आल्टर्नेटस. पोर्तुगालला हा सूत्रकृमी बहुधा पूर्व आशियातून, लाकडातून आला असावा.

सूत्रकृमीला स्वतःहून एका झाडावरून दुसऱ्यावर जाता येत नाही. तो लाकडातल्या कोषाभोवती जमतो आणि नवा भुंगेरा तयार झाला की त्याच्या श्वासनलिकांमध्ये शिरतो. भुंगेरा उन्हाळ्याच्या तोंडाला बाहेर पडतो आणि पहिले काही दिवस निरोगी झाडाच्या कोवळ्या फांद्यांची साल खातो. त्या जखमेतून सूत्रकृमी झाडात उतरतो. आत पाण्याची वाट बंद होत जाते आणि काही आठवड्यांत पानं पिवळी, मग लाल पडतात. आता झाड मरायला टेकलंय, म्हणजे मादीला अंडी घालायला हवं तसंच. भुंगेरा सूत्रकृमीला वाहून नेतो, सूत्रकृमी भुंगेऱ्यासाठी मरणारं झाड तयार करतो. दोघांचं छान जमलं, मेलं ते पाइन.

या भुंगेऱ्याच्या जुन्या नोंदींचा अर्थ इथे बदलला. आधी त्या संग्राहकांच्या वह्यांपुरत्या होत्या. आता तो कुठे आहे, कुठल्या झाडावर आहे, हा धोक्याचा नकाशा झाला. अर्थात भुंगेरा असला म्हणजे झाडं मरतीलच असं नाही. उन्हाळ्यातल्या सर्वांत गरम महिन्याचं सरासरी तापमान 20 अंशांच्या वर गेलं तरच हा रोग जोर धरतो. म्हणून उत्तर युरोपात भुंगेरा आणि पाइन दोन्ही असूनही पोर्तुगालसारखी स्थिती नाही. तिथले उन्हाळे तापले तर काय, हा पुढचा प्रश्न. पोर्तुगालने बाधित भागाभोवती 3 किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातले पाइन तोडून पाहिले. तरीही 2008 मध्ये देशाच्या मध्यभागात रोग सापडला आणि त्याच वर्षी सीमेपलीकडे स्पेनमध्येही. 2017 च्या ऑक्टोबरमधल्या वणव्यात लेइरियाचं शेकडो वर्षं जुनं राजाचं पाइनवन चार-पंचमांशाहून जास्त जळालं. अर्धवट जळालेलं पाइन म्हणजे भुंगेऱ्याला आमंत्रणच.

"मग दोष कोणाचा?" मावशीने विचारलं. मी म्हटलं, "मावशी, किड्याला तर पंख आहेत, पण समुद्र ओलांडायला त्याला आपली जहाजं लागतात." म्हणूनच परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी खोक्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवायचं आणि शिक्का मारायचा. आपल्याकडे दुकानामागे पडलेली लाकडी पॅलेट बघा. गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि 'एचटी' ही अक्षरं दिसली तर तो हाच शिक्का.

हे सगळं लांबचं वाटत असेल, तर आपल्या परसात या. आंब्याचं खोड पोखरणारा भिरूड आणि काजूचा खोडकिडा याच लांब मिशांच्या कुळातले. बुंध्याशी भुसा पडलेला दिसला की आजी लगेच ओळखते. पण ती कधी लिहून ठेवत नाही, आणि आपणही नाही. पुढच्या वेळी असा भुंगेरा दिसला तर फोटो काढाच, आणि सोबत तीन गोष्टी लिहा: गाव, तारीख, झाड. सेतुबालच्या नकाशावरचा प्रत्येक ठिपका एवढ्यावरच उभा आहे.