आधी पाय बघा, मग पाट बघा



उसाच्या नोंदी, तोडणीचा कार्यक्रम आणि उतारा यांची चर्चा या पानांवर नेहमीच होते. या खेपेला आम्ही विषय जरा वेगळा घेतला आहे. विषय आहे पायाचा. अणदूर-नळदुर्ग भागात चार माणसं पारावर जमली की कुणीतरी सांगतोच, अमक्याचा अंगठा काढला, तमक्याचा गुडघ्याखाली पाय काढला. निमित्त विचारावं तर एवढंसं! उसाचा बुडखा लागला, चप्पल चावली, नाहीतर काटा मोडला. एवढ्याशा जखमेनं अख्खा पाय का जातो आणि तो वाचवता येतो का, हे आपण शेतकऱ्याच्या भाषेत समजून घेऊ.

हृदय म्हणजे मोटार आणि धमन्या म्हणजे पाइपलाइन. मुख्य लाइन पोटातून मांडीत, मांडीतून पोटरीत आणि तिथून पावलाच्या बोटांपर्यंत जाते. ठिबकच्या नळीत क्षार बसले की शेवटच्या टोकाचा ऊस आधी वाळतो, हे आपणाला सांगायला नको. पायाचंही तेच. वय, तंबाखू, मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब यांनी धमनीत चरबीचा व चुन्याचा थर बसतो. मग चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की जातो. लोक म्हणतात, "वय झालं, दुसरं काय!" ती वयाची खूण नव्हे, तुंबलेल्या लाइनची खूण आहे. पुढे रात्री झोपेत पाय ठणकतो आणि खाटेखाली लोंबता सोडला की बरं वाटतं. ही पायरी आली म्हणजे पाय धोक्यात आला असं समजावं. त्यानंतर बोट काळं पडतं, त्यालाच गँगरीन म्हणतात.

मधुमेहाची आणखी एक खोड आहे. तो पायाच्या नसा मारतो आणि पाय बधिर होतो. चप्पल कधी निसटली ते कळत नाही, काटा मोडला तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस बिनघोर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. हे कोडं उलगडायला आपल्या देशातलं संशोधन कामी आलं. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नसल्यामुळे जखमांवर जखमा होऊन ती जातात, हे त्यांनी दाखवून दिलं. रोग्यांसाठी मऊ रबराच्या चपला तिथं तयार झाल्या. १९६६ साली ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि तोच धडा मधुमेहाच्या पायाला लागू झाला. आज मधुमेह्याला डॉक्टर मऊ तळाची चप्पल सांगतात, त्याचं मूळ हे असं वेल्लोरात आहे.

तिसरा वैरी बिडी. लिओ बर्गर या डॉक्टरने १९०८ साली ज्या रोगाचं सविस्तर वर्णन केलं, त्याला बर्गरचा रोग म्हणतात. मधुमेह नाही, वय चाळिशीच्या आत, अंगापिंडानं धडधाकट गडी. पण बिडीमुळे हातापायाच्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात. यावर खात्रीचा उपाय एकच, तंबाखू पार सोडणे. दिवसाला एक-दोन ओढल्या तरी रोग पुढे सरकतो. बिडी चालूच ठेवली तर केलेलं ऑपरेशनही टिकत नाही.

आता उपायाकडे वळू. फ्रान्सच्या अलेक्सिस कॅरेल यांनी रक्तवाहिन्या शिवण्याची रीत बसवली, त्याबद्दल त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. १९६३ साली डॉ. फोगार्टी यांनी टोकाला फुगा असलेली बारीक नळी आणली. ती गुठळीच्या पलीकडे न्यायची, फुगा फुगवायचा आणि गुठळी ओढून काढायची. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेत डॉ. डॉटर यांच्यापुढे ८२ वर्षांची एक बाई आली. तिच्या पायाला गँगरीन झालं होतं, पण पाय कापून घ्यायला ती तयार नव्हती. डॉक्टरांनी धमनीत नळ्या सरकवून तुंबलेली जागा मोकळी केली. पाय वाचला आणि म्हातारी पुढे त्याच पायावर चालली. आज अँजिओप्लास्टी म्हणतात तिची सुरुवात ही. धमनी लांबवर बंद असेल तर मांडीची शीर काढून बायपास करतात, म्हणजे फुटक्या पाटाशेजारी नवा पाट!

पण हे सारं वेळेत गेलात तरच. पाय एकाएकी गार, पांढरा पडला, असह्य दुखू लागला, बोटं हलेनात, तर गुठळी अडकली असं समजून तडक निघावं. साधारण सहा तासांच्या आत रक्त सुरू झालं तर पाय वाचण्याची आशा मोठी. अशा पायाला शेकू नये, चोळू नये, चुना-हळद भरत बसू नये. १०८ ला फोन करावा. अणदूरहून सोलापूर महामार्गावरच आहे. तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, आणि अश्विनी हे सहकारी तत्त्वावरचं रुग्णालयही आहे. सहकारानं साखरच नव्हे, दवाखानाही उभा राहतो, याचा आपणाला अभिमान वाटावा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणतं रुग्णालय आहे हे आधी विचारून ठेवावं. कागद तयार असले की ऐनवेळी धावाधाव होत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. विष वर चढू लागलं आणि डॉक्टर पाय काढा म्हणाले, तर जीव आधी. तिथं अडून बसू नये. जयपूर फूट लावून माणूस पुन्हा रानात उभा राहू शकतो. मात्र ती पाळीच येऊ नये यासाठी घरचा कार्यक्रम सोपा आहे. रोज रात्री पाय धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. तळवा आरशात बघावा, नाहीतर नातवाला बघायला सांगावं. भोवरी, कुरूप ब्लेडनं कापू नये. उसात अनवाणी जाऊ नये. साखर आणि रक्तदाब तपासत राहावं. जखम दोन दिवसांत सुधारली नाही तर डॉक्टर गाठावा. मधुमेह्यानं तर पहिल्याच दिवशी.

अणदूरला हे अवघड नाही. डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने इथूनच गावोगावच्या साध्या बायांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं. आरोग्याची पहिली पाहणी गावातलीच बाई करू शकते, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. मग हंगाम सुरू होताना गट ऑफिसवर एक दिवस सभासदांचे आणि तोडणी मजुरांचे पाय का तपासू नयेत? टोळीतल्या गड्याचा आणि बाईचा पाय गेला तर त्या घराची उचल कोण फेडणार? आमची ही सूचना आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत एखाद्या सभासदाने ती मांडावी, आम्ही पाठीशी आहोत.

खोडवा एकदा बिघडला तर पुन्हा लागण करता येते. पायाचं तसं नाही.