तुरुंगातल्या माणसाची मुदत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पण तुरुंगात मारहाण झाली, औषधोपचार नाकारले गेले, तर कैद्याने दुसऱ्या कोणत्या पायरीवर जायचं? अमेरिकेत असा कैदी १८७१च्या नागरी हक्क कायद्याखाली राज्याच्या तुरुंगाधिकाऱ्यांवर दिवाणी दावा लावू शकतो. मात्र दिवाणी दाव्यात सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नसतो. बहुतेक कैदी स्वतःच अर्ज लिहितात. अशा दाव्यात सर्वांत अवघड काय, असं विद्यार्थी मला विचारतात. मी सांगतो, पुरावा नंतर. आधी मुदत सांभाळणं.

पहिली मुदत दाव्याच्याही आधी सुरू होते. १९९६च्या कायद्याप्रमाणे कैद्याने प्रथम तुरुंगातल्याच तक्रार-व्यवस्थेचे सगळे टप्पे पुरे करायचे असतात. कॅलिफोर्नियातल्या एका प्रकरणात त्यासाठी कामाचे १५ दिवस होते. तक्रार उशिरा आली, आणि ती मुदतीत नव्हती म्हणून टप्पा पुरा झालाच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरवलं. पुढे दावा लावायची मुदत राज्यागणिक वेगळी. टेनेसीत एक वर्ष, न्यूयॉर्कमध्ये तीन. निकाल विरुद्ध गेला, तर अपिलाला फक्त ३० दिवस.

बाहेरचा माणूस शेवटच्या दिवशी स्वतः कोर्टात जाऊन कागद देऊ शकतो. कैद्याचा कागद मात्र तुरुंगाच्या टपालातून जातो. म्हणजे पुष्कळदा ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच हातून! टेनेसीच्या एका कैद्याने आपल्या कैदेला आव्हान देणाऱ्या प्रकरणात अपिलाची नोटीस २७व्या दिवशी तुरुंगाधिकाऱ्यांकडे दिली. कोर्टाचा शिक्का पडला ३१व्या दिवशी. १९८८च्या ‘ह्यूस्टन विरुद्ध लॅक’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की कैद्याने कागद अधिकाऱ्यांच्या हवाली केला तोच दिवस धरायचा. त्या तुरुंगातल्या टपालाच्या नोंदवहीत ती तारीख होती.

म्हणून कैद्याने कागद दिल्याची तारीख लिहून ठेवावी, तसं निवेदन सोबत जोडावं आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. दुसऱ्या तुरुंगात बदली झाली, तर नवा पत्ता कोर्टाला लगेच कळवावा. तुरुंगाचं ग्रंथालय बंद राहिलं, तर मुदतवाढ मुदत संपण्याआधीच मागावी. नंतर मागितली, तर उशीर क्षम्य का मानावा, हेही पटवून द्यावं लागतं.

आणि दिवस स्वतःच मोजावेत. ओहायोतल्या एका कैद्याला अपिलासाठी कायद्याने १४ दिवस मिळत होते. न्यायाधीशांच्या आदेशात चुकून १७ दिवसांची तारीख पडली. त्याने १६व्या दिवशी अपील केलं. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलंच. चूक न्यायाधीशांची, किंमत मोजली कैद्याने.

आपल्याकडे १९७८ साली ‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या फौजदारी प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावलं, की तुरुंगवासाची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत तत्काळ आणि विनामूल्य मिळाली पाहिजे. कारण साधं आहे. कागदच हाती नसेल, तर अपिलाचा हक्क वापरायचा कसा? हक्क पुस्तकात असतो. तो माणसापर्यंत पोचतो, तो वेळेवर हाती पडलेल्या आणि वेळेवर पुढे गेलेल्या कागदातून.