अडिनॉइड पुन्हा का वाढतात?

मूल रात्री तोंड उघडे ठेवून घोरते, तेव्हा घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, 'दमलाय, गाढ झोप लागलीय.' आपणही निर्धास्त होतो. पण सर्दी नसताना रोज रात्री घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण नव्हे. अनेकदा नाकाच्या मागे, टाळूच्या वर असलेली अडिनॉइड ही ग्रंथी वाढल्याने श्वासाची वाट अडलेली असते.

ही ग्रंथी मुळात शत्रू नाही. टॉन्सिलप्रमाणे तीही जंतूंशी लढते. साधारण 3 ते 7 वर्षांच्या वयात ती सर्वांत मोठी असते आणि किशोरवयात आपोआप आक्रसते. मात्र वारंवार होणारी सर्दी, धुळीची अॅलर्जी आणि घरातला धूर यांमुळे ती सुजलेलीच राहते. त्यातून कानात पाणी साचले की मुलाला कमी ऐकू येते आणि आपण 'हाक मारली तरी लक्ष देत नाही' म्हणून त्यालाच रागावतो.

त्रास सौम्य असेल तर डॉक्टर आधी नाकात मारायचा फवारा देऊन वाट पाहतात. झोपेत श्वास थांबत असेल किंवा कानातले पाणी महिनोन्‌महिने हटत नसेल, तर शस्त्रक्रिया सुचवतात.

'एकदा काढल्यावर पुन्हा कशी वाढली?' हा आपल्या मनातला प्रश्न रास्त आहे. टॉन्सिलभोवती आवरण असते, त्यामुळे ते अखंड निघते. अडिनॉइडला तसे आवरण नसते. थोडा अंश मागे राहतो. मूल फार लहान असेल किंवा अॅलर्जी तशीच राहिली असेल, तर तो वाढू शकतो. दुसरी शस्त्रक्रिया थोड्याच मुलांना लागते. शिवाय घोरणे परतले म्हणजे अडिनॉइडच वाढले असेही नाही. टॉन्सिल किंवा अॅलर्जीने सुजलेले नाकही कारण असू शकते. म्हणून आधी दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी.

शस्त्रक्रिया ग्रंथी काढते, अॅलर्जी नाही. तिचा बंदोबस्त आपल्याच हाती आहे. घरात विडी-सिगारेट नको. मूल झोपते त्या खोलीत लोबान, अगरबत्ती, डासांची कॉइल नको. गाद्या-उशांना ऊन द्यावे, चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्यात.

आज रात्री मूल झोपल्यावर दहा मिनिटे त्याच्याजवळ बसू या. श्वास अडखळत असेल तर मोबाइलवर चित्रण करून कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवू या. आपल्या वर्णनापेक्षा त्यांना ते अधिक उपयोगी पडेल.